ओढ्यातले ओंडके

माझा नवरा नाले साफ करणाऱ्या टोळीचा मुकादम. घरात चहाचा कप आठवडाभर पलंगाखाली पडला तरी त्यांना दिसत नाही, पण नाल्यात एक फांदी अडकली तर घास घशाखाली उतरत नाही. गल्लीतले सगळे त्यांना मुकादम म्हणतात, म्हणून मीही म्हणते. लग्न ठरवताना आईनं मध्यस्थाला विचारलं होतं, मुलगा काय करतो. तो म्हणाला, पाण्याचं काम. आईला वाटलं, नळजोडणी करत असेल. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांचे गमबूट धुताना मला खरा प्रकार कळला, आणि मग मी आईशी महिनाभर बोलले नाही.

त्यांच्या धंद्याचं एकच सूत्र होतं. पाणी थांबलं की घरात शिरतं. म्हणून त्याला थांबू द्यायचं नाही. गाळ उपसा, गवत उपटा, दगड उचला, पाण्याला कसं सुसाट जाता आलं पाहिजे. वस्तीच्या वरून येणारा ओढा आमच्या जन्माआधीच कुणीतरी सरळ करून सिमेंटच्या भिंतींत घातला होता. तळही सिमेंटचाच. टोळी तो इतका लख्ख ठेवायची की मी म्हणायचे, एवढी भांडी तरी घासा घरातली. आणि तरीही जोराचा पाऊस झाला की खालच्या गल्लीत पाणी शिरायचंच. मुकादम म्हणायचे, लोक कचरा टाकतात. कचरा नसला तरी तेच म्हणायचे.

त्या खालच्या गल्लीत माझी थोरली बहीण राहते. रस्त्यावरून पायऱ्या उतरून गेलं की तळघरातली एक खोली, छताजवळ एक लहान खिडकी, तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला दिसतात. भावोजी गवंडी होते. परांचीवरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून ते पलंगावर आणि ताई दवाखान्यात मावशी म्हणून कामाला. त्यांचे हात आणि तोंड मात्र शाबूत होतं, आणि तोंडाचा पट्टा तर पडल्यानंतर दुप्पट वेगानं चालायला लागला होता. खिडकीतल्या चपलांवरून ते माणसं ओळखायचे. मी पायऱ्यांवर पाय ठेवायच्या आधीच आतून आवाज यायचा, "या मेहुणीबाई, टाच झिजलीय, नवऱ्याला सांगा."

दरवर्षी पाणी यायचं म्हणून त्यांच्या पलंगाच्या पायांखाली सिमेंटचे ठोकळे रचलेले होते. कपाट भिंतीला उंच ठोकलेलं, गॅस ओट्यावर, आणि जमिनीवर काही म्हणजे काही नाही. ठोकळ्यांमुळे पलंग एवढा उंच झाला होता की चाकाच्या खुर्चीत बसायचं तर भावोजींना कुणीतरी उचलून ठेवावं लागे. ताई कामावर गेली की संध्याकाळपर्यंत ते तिथेच, पोळीचा डबा आणि पाण्याची बाटली उशाशी. ते चेष्टेनं म्हणायचे, मला माळ्यावर टाकलंय. पण एकदा मला हळूच म्हणाले, "लघवीलासुद्धा मला हिची वाट बघायला लागते गं."

मग ओढ्याच्या बाई आल्या. त्या सरकारी इंजिनिअर, वयानं लहान, गुडघ्यापर्यंत बूट आणि डोक्यावर कसलीशी पोरकट टोपी. त्यांनी काय करावं? मुकादमांनी जन्मभर घासलेल्या भिंती मशीन लावून फोडल्या. सिमेंटचा तळ उखडला. सरळ ओढ्याला वळणं दिली, मधेमधे डोह खणले, दगड टाकले, आणि मोठमोठे ओंडके आडवेतिडवे पाण्यात घालून काठात रुतवले. काठावर गवत आणि झुडपं लावली. मुकादम काठावर उभे राहून बघायचे आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

"घाण करून ठेवली," ते म्हणायचे. "आम्ही लाकडं काढायचे पगार घेतो, ही टाकायचा घेते."

बाईंनी त्यांना समजावलं नाही असं नाही. एकदा माझ्यादेखतच म्हणाल्या, "मुकादम, पाऊस पडला की सगळं पाणी एकदम खालच्या रस्त्याखालच्या मोरीवर येतं ना? तिथे मावत नाही म्हणून गल्लीत शिरतं. वरच जरा अडलं, काठावर पसरलं, जमिनीत मुरलं, तर खाली दमादमानं येईल. लग्नाच्या जेवणाला सगळे एकदम दारात आले की कसं होतं, तसं आहे हे."

मुकादम हसले आणि हो हो म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी. घरी आल्यावर मला म्हणाले, "बूट घातले म्हणून कुणाला पाणी कळत नाही." तेव्हापासून त्यांनी त्या बाईंना पाण्यात बघायला सुरुवात केली.

पण त्या वर्षी ताईच्या खोलीत पाणी आलं नाही. चांगला पाऊस झाला, वरचा ओढा काठ सोडून गवतात पसरला, आणि गल्लीत चपला ओल्या होण्यापलीकडे काही झालं नाही. पुढच्या वर्षीही नाही. वस्तीतल्या जुन्या विहिरीला पाणी चढलं. ओढ्यात बोटाएवढे मासे दिसायला लागले, बेडूक ओरडायला लागले, आणि मी कामाला जाते त्या लाँड्रीतल्या पोरी जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन पाय सोडून बसायला लागल्या. मीही जायचे. दिवसभर वाफेच्या प्रेसवर चादरी दाबून तोंड भाजल्यासारखं होई, तिथे झाडाखाली बसलं की जीव थंड व्हायचा. हे मी घरी कधी सांगितलं नाही.

मुकादमांचं म्हणणं, यंदा मोरीच्या तोंडाची जाळी मी स्वतः रोज साफ करतोय, म्हणून पाणी आलं नाही. आणि ते खरंच रोज साफ करत होते. त्यामुळे त्यांचं त्यांना पटलेलं होतं.

दुसऱ्या वर्षी पाऊस सरल्यावर भावोजी म्हणाले, "साडभाऊ, आता मला माळ्यावरून खाली उतरवा." मुकादमांनीच पलंगाखालचे ठोकळे काढले. पलंग खुर्चीच्या उंचीला आला. भावोजींनी दोन्ही हातांवर जोर देऊन, घामाघूम होत, स्वतःला खुर्चीत सरकवलं. मग खुर्ची ढकलत न्हाणीपर्यंत गेले, आतून पडदा ओढला, आणि आम्ही तिघं बाहेर उभे. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "आता बायकोला सोडचिठ्ठी द्यायला हरकत नाही." ताई हसता हसता रडायला लागली. इतकी वर्षं ती घर आणि दवाखाना अशा दोन पाळ्या करत होती, त्यातली अर्धी पाळी त्या दिवशी संपली.

मुकादमही खूश होते. साडूसाडूंचं जमतं असं कुणी ऐकलं नसेल, पण या दोघांचं जमायचं. सुट्टीच्या दिवशी हे तिकडे जाऊन बसत आणि दोघं मिळून सगळ्या इंजिनिअर जमातीचा उद्धार करत. एकाला परांचीच्या गोष्टी आठवत, दुसऱ्याला नाल्याच्या.

पुढच्या पावसाच्या तोंडावर वरून निरोप आला. मोठे साहेब ओढा बघायला येणार आहेत, तो स्वच्छ करून ठेवा. बाई तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होत्या. ऑफिसातल्या कुणाला ओंडक्यांचं काय करायचं हे विचारायचं सुचलं नाही, आणि मुकादमांच्या टोळीला स्वच्छ म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नव्हती. मोठा साहेब येणार म्हटलं की नाला तळापर्यंत नागवा करायचा, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. शिवाय आदल्याच आठवड्यात एक ओंडका सुटून मोरीच्या जाळीला येऊन टेकला होता. मुकादमांना तेवढं पुरे झालं.

"असला एखादा पावसात मोरीत अडकला, तर पहिलं पाणी साडभाऊंच्या खोलीत," ते मला म्हणाले. "ते खाली झोपतात आता."

हे मी मुद्दाम सांगते आहे. लोक नंतर म्हणाले, बाईंवरचा राग काढला. राग होता, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या नवऱ्यानं ते ओंडके माझ्या बहिणीच्या नवऱ्यासाठी काढले. साखळ्या लावून, ट्रकनं ओढून, एकेक. दगड उचलले, गवत खरवडलं, वळणांवरची झुडपं छाटली. काम बघून साहेब म्हणाले, वा, चकाचक. मुकादम त्या दिवशी घरी मिठाई घेऊन आले.

तो पाऊस दुपारी आला. मी लाँड्रीत होते. पत्र्यावर एवढा आवाज की शेजारणीचं बोलणं ऐकू येईना. मुकादमांचा फोन आला, ते वर ओढ्याच्या काठावर उभे होते आणि ओरडून बोलत होते. "बघायला पाहिजे होतंस तू. एक थेंब थांबत नाहीये. नुसतं सुसाट चाललंय." त्यांचा आवाज आनंदानं फुलला होता. माझ्या कानात तो अजून तसाच आहे.

ते सगळं सुसाट पाणी एकदम मोरीवर आलं. मोरीची जाळी स्वच्छ होती, तिच्यात पानही अडकलेलं नव्हतं. तरी मोरी काय, मोरीएवढीच. उरलेलं पाणी खालच्या गल्लीत वळलं आणि पायऱ्यांवरून तळघरांत उतरलं. ताई दवाखान्यात होती. वरच्या मजल्यावरचा शिंपी खाली धावला, पण पायऱ्यांवर कमरेएवढं पाणी, दाराआड खुर्ची आडवी पडलेली. दार फोडेपर्यंत वेळ गेला. भावोजींनी खुर्चीत चढायचा प्रयत्न केला असावा. त्यांचा एक हात खुर्चीच्या चाकात अडकलेला होता. ठोकळे असते तर पलंग पाण्यावर राहिला असता, हे शिंपी बोलून गेला.

मुकादम आले तेव्हा पाणी उतरलं होतं. ते गमबुटांसकट पायऱ्यांवर बसले आणि अंधार पडेपर्यंत बसूनच राहिले.

बाई भेटायला आल्या, लहान बाळ घरी ठेवून. रडत होत्या. ताईनं त्यांना पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "बाई, लाकडं असती तर?"

बाईंनी मुकादमांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला नाही सांगता येणार, ताई. पाऊस फार होता."

त्यांनी ते दयेपोटी म्हटलं की खरंच त्यांना माहीत नव्हतं, कोण जाणे. पण मुकादमांनी ते वाक्य बुडत्यानं काडी धरावी तसं धरलं. पाऊस फार होता. चौकशीला आलेल्यांना तेच सांगितलं, आणि त्यांनाही ते सोयीचं होतं, कारण निरोप त्यांच्याच ऑफिसातून आला होता. शेजारी आले, पाऊस फार होता. रात्री दचकून उठले, पाऊस फार होता. मीही म्हणायचे. मला नवरा हवा होता, खुनी नको होता. ओंडके असते तरी पाणी आलंच असतं, असं आम्ही दोघं एकमेकांना सांगत राहिलो आणि हळूहळू आमचा त्यावर विश्वास बसत गेला.

ताई काहीच म्हणायची नाही. तिला मी आमच्याकडे राहायला बोलावलं, ती आली नाही. खोलीला नवा रंग दिला आणि तिथेच राहिली. माझ्याशी बोलायची, मुकादमांनाही चहा द्यायची. पण त्यांना 'भाऊ' म्हणायची ते बंद झालं. आता कशानंच हाक मारत नव्हती.

बाई कामावर परत आल्यावर ओंडके पुन्हा बसवायचं ठरलं, आणि काम मुकादमांच्याच टोळीकडे आलं. मला वाटलं, हे नाही म्हणतील. पण ते पहाटे उठून जायला लागले. बाई सांगतील तसं, त्या सांगतील त्याच कोनात, काठात हातभर जास्तच खोल रुतवून. दगड स्वतः हातानं रचायचे. बाईंना भरून आलं. मला म्हणाल्या, "मुकादम फार मनापासून करताहेत."

मी घरी आल्यावर त्यांना म्हटलं, "बरं झालं, तुम्ही मन लावलंत."

"पक्के बसवतोय," ते म्हणाले. "म्हणजे तसला पाऊस पुन्हा झाला आणि पाणी शिरलं, तर कुणी म्हणायला नको की मुकादमानं ढिले बसवले."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते ओढा नीट करत नव्हते, ते स्वतःची सुटका बांधत होते. आणि त्यांच्या हाताला काम वाईट करता येत नसल्यामुळे ते उत्तम होत होतं.

ओढा पुन्हा उभा राहिला. गवत आलं, मासे आले, पोरी पाय सोडून बसायला लागल्या. मी तिथे गेले नाही.

पुढच्या वर्षी पाऊस तसाच आला. सुट्टीचा दिवस होता, सकाळपासून आभाळ फाटलं होतं. मी आणि मुकादम ताईला वर न्यायला म्हणून खालच्या गल्लीत गेलो. रस्त्यावर घोट्याएवढं पाणी होतं. ताई खोलीत खाटेवर बसली होती, दार सताड उघडं.

"चल वर, शिंप्याकडे बसू," मी म्हटलं.

"मी इथे बसणार," ताई म्हणाली. "वर्षभर थांबले आहे मी या पावसासाठी. तुम्हीही बसा दोघं."

"ताई, वेडेपणा करू नका," मुकादम म्हणाले.

"माझे पाय धड आहेत. आलं पाणी तर चढून जाईन."

आम्ही दोघं बसलो. मी तिच्या शेजारी, मुकादम दाराजवळ जमिनीवर, नजर पायऱ्यांवर. पाणी सर्वांत वरच्या, रस्त्याहून वीतभर उंच पायरीच्या कडेला लागलं होतं आणि मधूनच एखादा ओघळ खाली उतरत होता. पाऊस कमी होईना. खिडकीबाहेर नुसता पांढरा पडदा.

"येईल आता," मुकादम म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आता येईलच."

त्यांच्या आवाजात भीती नव्हती. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं, माझा नवरा पाण्याची वाट बघतोय. आणि त्याहून वाईट म्हणजे मीही बघत होते. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात पाणी शिरावं, तिचा रंग, तिचं अंथरूण, सगळं जावं, म्हणून मी तिच्या खाटेवर तिच्या शेजारी बसून मनातल्या मनात हात जोडत होते. ये, एकदा ये, म्हणजे कुणाचाच दोष राहणार नाही.

पाणी वरच्या पायरीशी तसंच राहिलं. ना चढलं, ना उतरलं. दुपार कलली तसा पाऊस ओसरला आणि पायरीची कडा हळूहळू मोकळी झाली. खोलीत दारापाशी चार ओघळ आले होते, बाकी जमीन कोरडी होती.

मुकादमांनी खिशातून फोन काढला आणि बाईंना लावला. ऑफिसच्या गच्चीवर त्यांचं पाऊस मोजायचं यंत्र आहे. "बाई, मुकादम बोलतोय," ते म्हणाले. "आजचा किती झाला? त्या दिवसाच्या मानानं?" मग ते ऐकत राहिले. "हं," म्हणाले. "हं. बरं." आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" ताईनं विचारलं.

आम्हाला काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी 'कमी' म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटं बोला, मी मनात म्हणत होते, आयुष्यात एकदा खोटं बोला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी ताईकडे वर बघितलं.

"आज जास्त झाला, ताई," ते म्हणाले. "त्या दिवसापेक्षा बराच जास्त."

ताई खाटेवरून उतरली. दाराशी गेली आणि तिनं पायऱ्यांकडे बघितलं. आमच्याकडे तिची पाठ होती.

"म्हणजे लाकडं असती, तर हे असते आज," ती म्हणाली.

"हो," मुकादम म्हणाले.